चेहऱ्यांची वही

दिवाळीत व्यापारी घरांत वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, ‘श्री’ अक्षरांची चढती रास लिहिली जाते, गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी यांचे स्मरण होते आणि मगच वर्षाची पहिली नोंद पडते. हिशेब आता संगणकावर गेले, खतावणीची जागा सॉफ्टवेअरने घेतली. तरी पूजेसाठी लाल कापडी बांधणीची एक वही अनेक घरांत आजही आणली जाते. नोंद ठेवणे हा या समाजाचा संस्कार आहे. कोणाला किती दिले, कोणाकडून किती आले, कोणत्या मितीस आणि कोणाच्या हस्ते, हे लिहिल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे जुनी पिढी मानत नसे. रोजमेळात चार आण्यांचा फरक पडला तरी मुनीमजी तो सापडेपर्यंत दिवा मालवत नसत.

त्याच घराण्यांच्या माळ्यावर मात्र एखादी पत्र्याची पेटी असते. तिच्यात शे-दोनशे छायाचित्रे पडून असतात आणि त्यांतील निम्म्या चेहऱ्यांची नावे घरातील कोणालाच सांगता येत नाहीत. पैशाचा मेळ काटेकोर ठेवणाऱ्या कुटुंबाचा माणसांचा मेळ असा उघडाच राहतो. वडीलधाऱ्यांच्या वाढदिवशी, विवाहाच्या पन्नासाव्या वर्षी किंवा वर्षीतपाच्या पारण्याला छायाचित्रांचे स्मृतिपुस्तक भेट देण्याची रीत अलीकडे रुळू लागली आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. हे पुस्तक केवळ शोभेची वस्तू राहिले तर दोन दिवसांत कपाटात जाईल. त्यात घराण्याचा मेळ बसवला तर ते चार पिढ्यांना पुरेल.

पेटीतील अनाम माणसे

कर्वेनगरातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांचे भुसार मालाचे दुकान भवानी पेठेत होते. वाड्याच्या चार खोल्यांत वीस माणसे राहत. पुढे कुटुंब वाढले, वाटण्या झाल्या, थोरली शाखा मार्केट यार्डाच्या बाजूला गेली आणि धाकटी मुठा ओलांडून कर्वेनगरात आली. आजोबा आता नाहीत. दादी येत्या अक्षय्य तृतीयेला ऐंशी वर्षांच्या होतात. दोन नाती आणि एक नातू मिळून त्यांना छायाचित्रांचे पुस्तक भेट द्यायचे ठरवतात. सामान फारसे लागणार नाही, पंधरा दिवसांत काम उरकेल, असा त्यांचा अंदाज असतो.

पेटी उघडली की अंदाज चुकतो. दुकानाच्या मुहूर्ताचे एक मोठे छायाचित्र निघते. पुढे खुर्च्यांवर पागोटी आणि टोप्या घातलेले पुरुष, त्यांच्या पायांशी मुले, आणि मागे सात-आठ स्त्रिया उभ्या. स्त्रियांच्या डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. चेहरा एकीचाही दिसत नाही. मागच्या बाजूला कोणीतरी शाईने लिहिले आहे : दुकानाचे नाव, तिथी, आणि खुर्च्यांवरील पाच पुरुषांची नावे. मुले आणि स्त्रिया यांच्याविषयी एक अक्षरही नाही.

दादी भिंग घेऊन ते छायाचित्र खिडकीशी नेतात आणि एकेकीवर बोट ठेवतात. ही हातातल्या गोखरूंवरून ओळखू येते, त्या थोरल्या जाऊबाई. ही कडेवरच्या बाळावरून, कारण ते बाळ म्हणजे मोठे काका. ही जरा बाजूला उभी आहे, ती विधवा आत्याबाई; तिने आयुष्यभर वाड्याचे स्वयंपाकघर सांभाळले. आणि ही सर्वांत शेवटची, अर्धी खांबाआड गेलेली, ती दादी स्वतः. लग्नाला तेव्हा एकच महिना झाला होता.

जिथे चेहराच दिसत नाही तिथे नाव हाच चेहरा असतो. ते नाव या घरात फक्त एका व्यक्तीच्या स्मरणात आहे. ती व्यक्ती ऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या डोळ्याने दिसणे कमी झाले आहे. स्मृतिपुस्तकाचे काम उद्यावर का टाकू नये, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

हिंगण्याचा धडा

ज्या भूमीवर हे घर उभे आहे, तिच्या नावातच एक कुटुंबकथा आहे. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर आणला. आरंभीची झोपडी संस्थेच्या आवारात आजही जपलेली आहे. कर्व्यांनी आपले ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे.

त्यांच्या पत्नीची कथा मात्र कदाचित इतकी तपशिलाने उरली नसती. त्या बालविधवा होत्या, गोदूबाई हे त्यांचे नाव. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्या शिकल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’ झाल्या. एकाच स्त्रीची ही तीन नावे. छायाचित्राखाली नुसते ‘सौ. कर्वे’ लिहिले असते, तर या तीन नावांमागचे आयुष्य त्याच दोन शब्दांत बुजून गेले असते. त्यांच्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावाने १९४४ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्यांचे संपादन कावेरी कर्वे यांनी केले. पुढे १९६३ मध्ये त्यांचे पुत्र दिनकर धोंडो कर्वे यांच्या इंग्रजी ग्रंथातून या आठवणींचा अंश परदेशी वाचकांपर्यंतही पोहोचला. एका आईचे बोलणे घरच्याच माणसांनी कागदावर उतरवून जपले.

प्रत्येक कुटुंबात महर्षी नसतो, पण प्रत्येक कुटुंबात एखादी ‘बाया’ असतेच. स्मृतिपुस्तक करणाऱ्यांनी हिंगण्याच्या मातीतून एवढा धडा घ्यावा : स्त्रीचे नाव लिहिताना माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि सासरी मिळालेले नाव अशी तिन्ही लिहावीत. मारवाडातून, गुजरातेतून किंवा अहमदनगर-सोलापूरकडून आलेल्या सुनांची मूळ गावे दोन पिढ्यांत विसरली जातात, आणि त्यांच्याबरोबर अर्धे घराणे विसरले जाते.

नावे जपण्याची परंपरा

आठवणी अशा गोळा करणे हा मोह नव्हे काय, अशी शंका श्रद्धावान मनात येऊ शकते. अपरिग्रहाचा उपदेश ज्या धर्माने केला, त्याच्या अनुयायांनी चेहऱ्यांचा संग्रह का करावा? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर परंपरेतच आहे. पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन होते त्यात तीर्थंकरांच्या चरित्रांनंतर स्थविरावली येते. ती म्हणजे गुरुशिष्यांच्या नावांची परंपरा. कोणापासून कोणाला काय मिळाले, त्याची नोंद. दिगंबर परंपरेतही पट्टावली जपल्या गेल्या आहेत. ज्यांच्याकडून काही मिळाले त्यांचे नाव घेणे हा मोह नाही, ती कृतज्ञता आहे.

श्रुतपंचमीचा इतिहास तर या विषयाच्या फार जवळचा आहे. परंपरा सांगते की गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना आपल्याबरोबर आपले ज्ञान लोपेल अशी चिंता वाटली. त्यांनी दोन तरुण मुनींना बोलावून घेतले आणि ते ज्ञान दिले. त्या पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. श्वेतांबर परंपरेत वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथबद्ध झाले, त्यामागेही स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याची हीच जाणीव होती. मुखोद्गत ठेवा किती नाजूक असतो, हे या समाजाला फार पूर्वी कळले. ज्ञानपंचमीला ग्रंथ झाडून-पुसून त्यांची पूजा होते ती त्याच जाणिवेतून.

चित्र आणि नाव यांची सांगडही परंपरेला नवी नाही. एका गावचा संघ दूरच्या आचार्यांना क्षमापना करून चातुर्मासाचे निमंत्रण धाडी, तेव्हा त्यासाठी चित्रमय विज्ञप्तिपत्रे तयार होत. त्या लांबलचक गुंडाळ्यांवर मंगल चिन्हे, बाजारपेठा, मंदिरे आणि माणसे चितारलेली असत. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. चित्रकार शालिवाहनाने रंगवलेल्या त्या पटात माणसांजवळ त्यांची नावे लिहिलेली आहेत. म्हणूनच चारशे वर्षांनंतरही ती माणसे ओळखू येतात.

विचारावे कसे, ऐकावे कसे

पुस्तकाचा आरंभ छपाईवाल्याकडे जाऊन करू नये. तो दादींच्या शेजारी बसून करावा. एका बैठकीला दहा-बारा छायाचित्रे पुरे. वडीलधारी व्यक्ती तासाभरात थकते आणि थकलेले स्मरण नावांची अदलाबदल करते. सकाळी सामायिक-पूजा आटोपल्यावरची वेळ चांगली. भ्रमणध्वनीवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे, मात्र विचारून करावे.

“ह्या कोण?” एवढ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर येते. “हा दिवस कसला होता, दादी? सकाळी काय शिजले होते? फोटोग्राफर कोणी बोलावला?” असे विचारले की कथा सुरू होते. मुहूर्ताच्या त्या छायाचित्राविषयी दादी सांगू लागतात की फोटो काढणारा दुपारी येणार होता, तो आला संध्याकाळी. बायका तोवर पंगतीची भांडी घासत होत्या. चौविहार साधायचा म्हणून सासूबाईंची घाई चालली होती, आणि सूर्य मावळायच्या आत फोटोही व्हावा आणि जेवणही, या गडबडीत ती खांबाआडची जागा त्यांच्या वाट्याला आली. छायाचित्रातला तिरपा पिवळसर उजेड इतकी वर्षे सर्वांनी पाहिला होता. त्याचा अर्थ आज कळतो.

हे वाक्य जसे उच्चारले तसे लिहावे. दादींची मराठी मारवाडी वळणाची असेल तर ती तशीच राहू द्यावी. शुद्ध करण्याच्या नादात माणूस पुसला जातो. प्रत्येक छायाचित्रासाठी पाच गोष्टींची नोंद ठेवावी : कोण, कोठे, केव्हा, प्रसंग कोणता, आणि हे कोणी सांगितले. शेवटची नोंद व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. हस्ते कोणाच्या, हे वहीत असतेच. वर्ष आठवत नसेल तर अंदाजाने तारीख ठोकू नये. ‘मोठ्या काकांच्या जन्मानंतर, वाडा सोडण्यापूर्वी’ एवढे लिहिले तरी ते खरे असते. शंका असलेले नाव दुसऱ्या शाखेतील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून पडताळून घ्यावे.

पाणी, कसर आणि चिकट पाने

पुणेकर कुटुंबांना कागद किती क्षणभंगुर आहे हे सांगण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याच्या धरणालाही खिंडार पडले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. घरेच वाहून गेली तिथे भिंतीवरच्या तसबिरी कोठून उरणार? हे जुने झाले म्हणावे, तर २५ जुलै २०२४ रोजी राजाराम पुलाच्या पलीकडे, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात पहाटे घरांत पाणी शिरले. नदी कर्वेनगरच्याही कडेनेच वाहते.

म्हणून मूळ छायाचित्रे तळमजल्यावर, पलंगाखाली किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नयेत. भिजलीच तर ती एकमेकांना चिकटून वाळण्यापूर्वी स्वच्छ थंड पाण्यात हलकेच सुटी करावीत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत. उन्हात वाळवू नयेत, पुसू नयेत. पाण्याखेरीज दुसरा शत्रू कसर, आणि तिसरा शत्रू प्रेमाने आणलेला चिकट पानांचा अल्बम. पारदर्शक कागदाखाली फोटो चिकटवण्याचे हे अल्बम एके काळी प्रत्येक लग्नात भेट येत. त्यांचा डिंक काळाने पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. असा फोटो ओढून काढू नये. दातांच्या सफाईचा बारीक दोरा त्याच्या मागून हळूहळू फिरवला तर तो अनेकदा सुटतो. सुटला नाही तर पानासकट त्याची प्रत घ्यावी. काचेला चिकटलेल्या तसबिरीचेही तसेच. ती काचेतूनच टिपावी.

छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहिले तर अक्षर पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहावे. प्रत शक्यतो स्कॅनरवर घ्यावी. लहान फोटो पुस्तकात मोठा करायचा असेल तर दर इंचाला सहाशे ठिपके एवढी सूक्ष्मता ठेवावी. मूळ आकारातच छापायचा असेल तर तीनशे पुरतात. भ्रमणध्वनीनेच टिपायचे असेल तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, यंत्र फोटोला अगदी समांतर धरावे. नातेवाईकांकडून फोटो मागवताना एक सूचना विसरू नये : व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि छपाईत चेहरे धूसर येतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो. सर्व प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि तिसरी गावाबाहेरच्या नातेवाईकाकडे द्यावी. व्यापारी माणूस सारा माल एकाच गोदामात ठेवत नाही.

कापलेला कोपरा

पेटीच्या तळाशी एक छायाचित्र असे निघते की त्याचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला असतो. आजोबा खुर्चीवर बसले आहेत, त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे आणि हाताचा धनी नाही. नातवंडे विचारतात. दादी बराच वेळ गप्प राहतात.

तो हात थोरल्या भावाचा. वाटण्यांच्या वेळी दुकानाच्या नावावरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणे तुटले. पुढे लग्नकार्यात येणे-जाणे सुरू झाले, संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेशही जाऊ लागले. पण कात्री कोणी चालवली, ते कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

एकत्र व्यापार करणाऱ्या घराण्यांत असे कापलेले कोपरे दुर्मीळ नाहीत. स्मृतिपुस्तक करताना खरी परीक्षा इथे होते. सोपा मार्ग म्हणजे ते छायाचित्र वगळणे. दुसरा सोपा मार्ग म्हणजे संगणकावर तो हात पुसून टाकणे. आज हे दोन मिनिटांचे काम आहे. दोन्ही मार्गांनी पुस्तक सुबक होईल, पण खोटे होईल. वहीतील नोंद खरडून काढणे हा जुन्या पेढीत सर्वांत मोठा दोष मानला जाई. चुकीची नोंद झाली तर ती वाचता येईल अशी ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करीत.

या घरातील नातू थोरल्या शाखेतील चुलत भावाला दूरध्वनी करतो. त्यांच्या पेटीत त्याच छायाचित्राची दुसरी, अखंड प्रत असते. ती तो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, आणि तासाभराने आणखी अकरा छायाचित्रे पाठवतो, जी या शाखेने कधी पाहिलीच नव्हती. त्यांत आजोबांचे एक आहे : दहा-बारा वर्षांचे, थोरल्या भावाच्या सायकलच्या दांडीवर बसलेले. पुस्तक एका शाखेचे राहत नाही. मुखपृष्ठावर घराण्याचे नाव येते आणि प्रतींची संख्या दुप्पट करावी लागते.

प्रत्येक घरात हे इतके सरळ घडेलच असे नाही. समोरचा फोन उचलणारही नाही. तरी विचारावे. क्षमापना केवळ शब्दांत राहू नये म्हणून मिळालेली ती संधी असते. तंट्याची हकिकत पुस्तकात लिहिण्याची गरज नाही. माणूस त्याच्या जागी असला म्हणजे पुरे.

मर्यादा आणि औचित्य

काही पानांबाबत विशेष विवेक लागतो. घरातून कोणी दीक्षा घेतली असेल तर संसारी नाव आणि दीक्षेचे नाव दोन्ही नोंदवावीत, पण आधी त्या साधू-साध्वींची आणि गुरुमहाराजांची संमती विचारावी; कित्येकांना संसारी जीवनाची छायाचित्रे पुन्हा समोर यावीत असे वाटत नाही. जिनप्रतिमा आणि गुरुभगवंतांची छायाचित्रे असतील तर ती प्रारंभी स्वतंत्र पानावर घ्यावीत, म्हणजे पुस्तक हाताळताना आशातना होणार नाही. लहानपणी गेलेले मूल, अकाली गेलेली सून, यांची छायाचित्रे आई-वडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनाच विचारल्याशिवाय ती वगळूही नयेत. पुष्कळदा आईला वाटत असते की त्या बाळाचे नाव कोणीतरी एकदा घ्यावे.

खर्चाचेही तारतम्य असावे. मखमली पेटी, सोनेरी कडा आणि जाड काचेसारखी पाने यांनी पुस्तक जड होते. वृद्ध हातांना ते मांडीवर पेलत नाही. साधी पक्की बांधणी, पूर्ण उघडून सपाट राहणारी पाने आणि मोठी, ठळक अक्षरे हीच खरी श्रीमंती. वाचवलेली रक्कम त्या व्यक्तीच्या नावे जीवदयेला किंवा साधर्मिक भक्तीला दिली आणि शेवटच्या पानावर तसे नोंदवले, तर भेट पुरी होते.

निवड, मांडणी, छपाई

दोनशे छायाचित्रांतून साठ-सत्तर निवडावीत. एका पानावर एक किंवा दोन. गर्दी केली की डोळा कोठेच थांबत नाही. कालक्रम सर्वांना समजतो, पण प्रकरणे माणसांवर किंवा जागांवर केली तर वाचन रंगते : गाव, वाडा, दुकान, लग्ने, यात्रा, कर्वेनगर. पालीताणा, शिखरजी किंवा कुंभोजच्या यात्रेचे गटचित्र बहुतेक पेट्यांत सापडते आणि त्यात घराबाहेरचेही शेजारी-सोबती असतात. त्यांची नावेही लिहावीत. छायाचित्रांबरोबर काही कागदही घ्यावेत : लग्नाची कुंकुमपत्रिका, जुन्या वहीचे एक पान, दादींच्या अक्षरातील स्तवन किंवा पापडाच्या मसाल्याचे प्रमाण. अक्षर हेही एक छायाचित्रच आहे.

मोठ्या गटचित्राशेजारी त्याची बाह्यरेषा काढून डोक्यांवर आकडे घालावेत आणि खाली आकड्यांप्रमाणे नावे द्यावीत. ‘डावीकडून तिसरा’ मोजताना वृद्ध वाचक चुकतो. दोन पानांच्या मधल्या घडीत कोणाचा चेहरा जाऊ देऊ नये, आणि कडेला थोडी जागा सोडावी. कापणीत कान-कपाळ जातात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. सर्व प्रती एकदम छापू नयेत. आधी एकच प्रत काढून ती घरातील दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या माणसांनी वाचावी. नावातील चूक छापील पुस्तकात फार बोचते. अखेरीस चार-सहा पाने कोरी ठेवावीत. आणि या साऱ्याला पंधरा दिवस नव्हे, निदान तीन महिने द्यावेत.

देण्याचा दिवस

अक्षय्य तृतीया येते. घरात उसाच्या रसाचा सुगंध आहे, सोसायटीतील एका वर्षीतप करणाऱ्या भगिनीचे पारणे नुकतेच झाले आहे. दोन्ही शाखांची माणसे जमली आहेत. नाती पुस्तक दादींच्या मांडीवर ठेवतात. दादी ते आधी कपाळाला लावतात, वहीपूजनाच्या दिवशी वही लावावी तसे.

मुहूर्ताच्या छायाचित्राचे पान उघडते. खाली आकडे आणि आकड्यांप्रमाणे नावे. पुरुषांची, मुलांची आणि पदराआडच्या सर्व स्त्रियांची, माहेरच्या गावांसह. दादी भिंग फिरवत शेवटच्या आकड्यापर्यंत येतात, स्वतःचे नाव वाचतात आणि मग परत मागे जातात. सातव्या आकड्यापुढे फक्त ‘आत्याबाई’ असे छापले आहे. तिचे नाव कोणाला आठवले नव्हते, दादींनाही नव्हते. सर्वजण तिला आत्याबाईच म्हणत.

दादी पेन्सिल मागतात. थरथरत्या हाताने सातव्या आकड्यापुढे तीन अक्षरे लिहितात : जडाव. तीन महिने बोलून-बोलून जे नाव सापडले नव्हते, ते आता आले.

थोरल्या शाखेतील एक वयोवृद्ध काका पुढे होतात, पुस्तक हातात घेतात, ते नाव मोठ्याने वाचतात आणि शेजारी बसलेल्या मुलांना म्हणतात, “तुमच्याही प्रतीत लिहून घ्या.”